अकरा गोधड्या आणि त्यांचं नाव

आमच्या गल्लीतल्या कोणत्याही घरी जा आणि पाण्याचा गडवा, म्हणजे तांब्या, हातात घेऊन फिरवून पाहा. काठाशी कुठेतरी मी सांगितलेली अक्षरं सापडतील. कोरणारा माणूस वेगळा, त्याचं ते किर्र करणारं मशीनही त्याचंच. पण काय कोरायचं ते विचारायला लोक माझ्याकडे यायचे. ‘विवाहप्रीत्यर्थ मामा-मामीकडून सप्रेम भेट’ हे एवढंसं वाक्य मी किती भांड्यांवर चढवलं असेल, त्याची मोजदाद नाही. शाळा माझी सातवीपर्यंतची. पुढचं सगळं किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. पण लग्नपत्रिका लिहिल्या, बारशाची निमंत्रणं लिहिली, एकदा तर हरवलेल्या म्हशीची जाहिरातसुद्धा लिहिली. म्हैस सापडली होती, हे मुद्दाम सांगते.

म्हणून सून जेव्हा म्हणाली, “आई, गोधडी ऑनलाइन विकायला टाकायची तर वर तिचं नाव लिहावं लागते, तुम्ही लिहून देता का?” तेव्हा मी हसलेच. म्हटलं, हे काय काम झालं? चहा उकळेपर्यंत लिहून देते.

त्या चहाला तीन महिने लागले.

गोधड्या माझ्या नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर माझी मोठी जाऊ हे वाचेल आणि फोन करेल. ती राहते गिरडच्या टेकडीखाली, गावी. मी सावंगीला, मुलाच्या घरी. तिला मी ‘बाई’ म्हणते. माझ्या सहा वर्षं आधी ती त्या घरात सून म्हणून आली, आणि ती सहा वर्षं तिने मला आजवर विसरू दिली नाहीत. हात मात्र असा, की कापडावर मुंग्यांची रांग चालली आहे असे टाके. एक मुंगी इकडे नाही की तिकडे नाही. मी नवी नवरी असताना हौसेने तिच्या शेजारी बसून एक ओळ शिवली होती. तिने ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, आणि साऱ्या बायकांसमोर म्हणाली, “अवं माय! बैल मुतत गेला वाटते इकडून!” तेव्हापासून त्या घरात माझं काम सुईत दोरा ओवून देण्यापुरतं राहिलं.

तर अशा या बाईने गेल्या वर्षी सुई ठेवून दिली.

झालं काय, तिच्या दोन्ही पोरांनी बाजारातून ती मऊमऊ, जाड ब्लँकेटं आणली. वाघाचं तोंड छापलेली. नातवंडं म्हणाली, आजीची गोधडी टोचते, वाघ टोचत नाही. हळदीच्या रिकाम्या डबीत बाईने सुई टाकली, झाकण लावलं आणि डबी देवघराच्या फळीवर ठेवली. मी गेले तेव्हा पेटीवर अकरा गोधड्या घडी करून ठेवलेल्या, त्यांवर प्लास्टिक.

“बाई, बारावी सुरू नाई केली?”

“कोणाले करू? वाघाले?”

“असं काऊन म्हणता?”

“हे पाह्य. ह्या अकरा वाकया अंगावर घेणारं कोणी भेटलं, त बारावी शिवन. नाईतं राहू दे डबी तशीच.”

वाकय म्हणजे गोधडीच. आमच्याकडे तसं म्हणतात. बोलताना ती हसत होती. पण मी तिच्या हातांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ते हात मी रिकामे पाहिले नव्हते. मांडीवर ठेवलेले होते आणि अंगठा बोटावर आपला फिरत होता, नसलेला दोरा पिळत. अकरा गोधड्यांचं काही नाही. पण ही बाई अशी बसून राहिली, तर उन्हाळ्यापर्यंत वाळून जाईल.

मी म्हटलं, “बाई, तुमच्या अकराच्या अकरा मी लोकाइच्या अंगावर घालून दाखवतो.”

“तू?” ती म्हणाली. “पयले सुईत दोरा तं ओव.”

अकरा गोधड्या बसमध्ये घालून मी सावंगीला आणल्या. कंडक्टर म्हणाला, “मावशी, लग्नघर कुठं आहे?” मी म्हटलं, अजून ठरायचं आहे.

आता नाव. मी कागद घेऊन बसले आणि मनापासून लिहिलं: ‘॥ श्री ॥ वर्धा जिल्ह्यातील सुप्रसिद्ध व अनुभवी गृहिणीने चष्मा न लावता, स्वहस्ते, मनोभावे शिवलेली, अत्यंत सुंदर, टिकाऊ व मायेची ऊब देणारी गोधडी, एकवार अवश्य घेऊन पाहावी, ही नम्र विनंती.’

सून एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांचं ऐकून ऐकून तिचा चेहरा असा झाला आहे, की हसते आहे की थकली आहे ते कळत नाही. तिने वाचलं आणि फोन माझ्यासमोर धरला. फोनवर एवढंच दिसत होतं: ‘॥ श्री ॥ वर्धा जिल्ह्यातील सुप्रसिद्ध व…’ आणि पुढे तीन टिंबं.

“आई, लोकांना वाटेल कोणी निवडणुकीला उभं आहे.”

“मग बोट लावून पुढचं वाचतील की.”

“कोणी बोट लावत नाही. माझ्या खिडकीवर पेशंट येतो, तो घरून निघाल्यापासून सांगतो. बस कशी चुकली, मोठ्या भावाने काय म्हटलं. मला फक्त कुठे दुखते ते पाहिजे असते. तुमचं नाव तसंच आहे. गोधडी कुठे आहे त्यात?”

“आहे ना.”

“आहे, पण वीसेक शब्दांच्या मागे लपून बसली आहे.”

मी ऐकलं नाही. इतक्या पत्रिका लिहिलेली बाई मी, केसपेपरवालीचं काय ऐकायचं? तसंच टाकायला लावलं. पुढचा महिनाभर मी रोज ते उघडून पाहत होते. एक दिवस आनंदाने सुनेला सांगितलं, सोळा जणांनी पाहिलं गं! तिने तपासलं, आणि चहा ठेवायला निघून गेली. सोळाही वेळा मीच होते.

अक्कल आली ती भाजीवाल्यामुळे. आमच्या गल्लीत सकाळी एक जण हातगाडी घेऊन येतो. त्या दिवशी मी ओट्यावर बसून ऐकलं. “आलूऽऽ! कांदेऽऽ! सांबाऽऽर!” तो कधी असं ओरडत नाही, की अनुभवी शेतकऱ्याने मनोभावे पिकवलेले. वस्तूचं नाव आधी, बाकी सगळं गाडीजवळ आल्यावर. आणि जे नाव तो घेतो, ते आमचं असतं, त्याचं नव्हे. हाच माणूस उद्या पुण्याला गेला आणि सांबार म्हणून ओरडला, तर बायका पातेली घेऊन खाली येतील. तिथे त्याला कोथिंबीरच म्हणावं लागेल.

म्हणजे प्रश्न असा होता, की घेणारा काय म्हणून शोधतो?

ते घरात बसून कसं कळणार? मला समुद्रपूरला जायचंच होतं, माहेरच्या एका लग्नाला. बसमध्ये बसले आणि सुरू केलं. पिशवीत एक गोधडी होतीच, ती मांडीवर उलगडली आणि शेजारणीला विचारलं, “बाई, तुले हे फोनवर पाह्यजे असलं, त तू काय लेहशीन?”

ती म्हणाली, “मी नाई लेहत. मी बोलतो फोनसंगं. ‘थंडीची गोधडी दाखव’ म्हणतो.”

मागच्या सीटवरची म्हणाली, “मी तं पयले डबल हाय का सिंगल ते पाह्यतो. आमच्या घरी दोघांची ओढाताण होते.”

“तुमचे मालक जाडे हायेत का वो?” पहिलीने विचारलं, आणि सारी बस हसली.

तिसरी एक तरुण पोरगी होती, मांडीवर लेकरू. ती म्हणाली, “मावशी, मी कापड पाहते. सुती आहे का ते आधी. लेकराला दुसरं घाम आणते.” दारातला म्हातारा म्हणाला, “अवं, धुता येते का थे लेहा! आमच्या घरची धुतली का दोन माणसं लागतात पिळाले.”

मी हे सगळं डॉक्टरच्या जुन्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहून घेत होते. हिंगणघाट आलं, गेलं, माणसं उतरली, नवी चढली, नव्यांनाही विचारलं. एवढ्या माणसांत ‘अत्यंत सुंदर’ असं एकानेही म्हटलं नाही. ‘मायेची ऊब’ तर कोणाच्या तोंडी आलीच नाही. मला जरा वाईट वाटलं. ती ऊब मी अर्धा तास विचार करून आणली होती.

लग्नाहून परत आले आणि सुनेपुढे हार मानली. ती फुशारली नाही, हे तिचं मोठेपण. दोघींनी बसून नवं नाव केलं: ‘गोधडी, हाताने शिवलेली, मऊ सुती साडीची, डबल बेड, धुता येणारी.’ श्री गेला, नम्र विनंती गेली, बाईचा चष्माही गेला. मी म्हटलं, निदान ‘सुंदर’ राहू दे. सून म्हणाली, “आई, सुंदर आहे की नाही ते फोटो पाहून लोक ठरवतील. आपण सांगितलं की ते उलटं पाहायला लागतात.”

आठ दिवसांत पहिली गोधडी गेली. मग दुसरी, मग तिसरी. मी गावी फोन केला.

“बाई, तीन गेल्या!”

“कुठी?”

“एक पुण्याले, एक नाशिकले, एक मुंबईकडं.”

ती म्हणाली, “निळ्या काठाची गेली का?”

“गेली.”

“तिच्यात माह्यं लग्नातलं लुगडं होतं,” एवढं म्हणाली आणि एकदम, “मंग? आठ राह्यल्या नं अजून? फोनवर काय गोष्टी करून राह्यली?”

त्या दिवशी मी साखर जरा जास्तच घातली चहात.

आणि मग तीनपैकी दोन परत आल्या.

पहिलीसोबत लिहून आलं होतं: कोपऱ्यात कचरा शिवला गेला आहे, हाताला कडक लागतो. दुसरीचा तर फोटोच आला. उसवलेला कोपरा, आत काहीतरी काळपट, आणि मुंग्या. सून फोटो मोठा करून पाहत म्हणाली, “हे काय आहे, आई? खपली आहे का कसली?”

मी फोटो पाहिला आणि लगेच ओळखलं. तो कचरा नव्हता. तो घास होता.

आमच्याकडे गोधडी पुरी व्हायला आली, की शेवटचा कोपरा मिटायच्या आधी त्यात भाकरीचा एक तुकडा ठेवून शिवतात. गोधडीला उपाशी ठेवायचं नाही. उपाशी गोधडी ऊब देत नाही, असं बाईच्या आईने तिला सांगितलं, तिने मला. मी हे इतक्या वेळा पाहिलं होतं, की कोणाला सांगावं हे डोक्यातच आलं नाही. आपल्या घराच्या दाराला उंबरठा आहे, हे आपण पाहुण्याला सांगतो का? तो अडखळून पडल्यावर सांगतो.

सून म्हणाली, “आता आणखी एक परत आली, तर आपलं पानच बंद करतील. तसं साइटवाल्यांनी कळवलं आहे. काढून टाका तुकडे.”

“बाईला विचारावं लागेल.”

“विचारलं तर त्या हो म्हणतील?”

नाही म्हणेल, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. म्हणून मी विचारलं नाही. दुपारी सून कामावर गेल्यावर एक गोधडी घेतली, पिवळ्या फुलांची. कोपरा उसवला, तुकडा काढला, आणि कोपरा परत शिवला. आता मी डावरी. त्यात चष्म्याचा नंबर वाढलेला. शिवून झाल्यावर लांब धरून पाहिलं. बाईचे टाके मुंग्यांसारखे सरळ येत होते आणि माझ्या कोपऱ्यापाशी येऊन त्या मुंग्यांना जसा काही वाराच लागला होता. मी घडी अशी घातली, की तो कोपरा आत जाईल, आणि दुसरी गोधडी उचलायची हिंमत उद्यावर ढकलली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी बाई दारात उभी. डोळे तपासायला आली होती. तिच्या मुलाने बसमध्ये बसवून दिलं आणि मला कळवलंच नाही. पाणी प्यायली, बसली, आणि घर न पाहता, सुनेची चौकशी न करता सरळ गोधड्यांच्या ढिगाकडे गेली. लेकरं शाळेतून आल्यावर आई जशी हात लावून पाहते, तसा एकेकीवरून हात फिरवत गेली. पिवळ्या फुलांच्या गोधडीवर हात थांबला. घडी उलगडली. डोळे तपासायला आलेली बाई ही. पण कोपरा तिला बोटांनीच दिसला.

“हे कोणं उसवलं?”

मी म्हटलं, “बाई, आधी चहा घ्या.”

“चहा राहू दे. हा बैल तुह्याच घरचा हाय. मी वयखतो त्याले.”

मग मला सगळं सांगावं लागलं. परत आलेल्या दोन, कचरा म्हणणारे, मुंग्यांचा फोटो, पान बंद होण्याची धमकी. ती ऐकत होती, हात त्या रिकाम्या कोपऱ्यावर.

“उपाशी पाठवत होती तू तिले,” ती म्हणाली. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं. “मंग नोको विकू. पेटीवर राहू दे. कोणी नाई पांघरलं तं नाई पांघरलं. मी नेतो वापस.”

आणि ती खरंच घड्या उचलायला लागली. मला आठवली ती फळीवरची डबी. मी तिचा हात धरला.

“बाई, लोकाइले काय माहीत घास म्हणजे काय? त्याइले कचराच वाटन.”

“मंग तू सांगितलं काऊन नाई?”

“कुठं सांगू?”

“नावात! तुले तं मोठं नाव लेहता येते नं? माह्या सुनेनं वाचून दाखवलं मले, थे पयलं. माह्या डोळ्यावर चष्मा नाई हे साऱ्या जगाले सांगितलं तू. सुप्रसिद्ध म्हणे! गावात मले कोणी पाटलाच्या आळीपलीकडं वयखत नाई. जे सांगाचं नाई थे लेहलं, आन सांगाचं थे गिळलं!”

सून दाराशी येऊन उभी राहिली होती.

“तुले पाहाले आलतो आमी, तवा तुह्या बापानं पाणी देल्याबरोबर काय सांगितलं? पोरगी डावरी हाय. पयलं वाक्य. माह्या सासूनं म्हटलं, माणूस खरा हाय, करा सोयरीक. हेच मांडवात कळलं असतं, त तुले तशीच ठेवून आलो असतो!”

इतक्या वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, माझं अक्षर पाहून केली होती.

सून जरा खाकरली आणि म्हणाली, “मोठ्या आई, ते ठीक आहे. पण ह्या दुसरीत मुंग्या का झाल्या? सुकी भाकर असती तर झाल्या नसत्या ना.”

बाईने फोटो पाहायला मागितला. फोन लांब धरला, जवळ धरला, शेवटी गोधडीचं कापड ओळखलं. आणि मग ती जराशी लाजली. खोटं सांगत नाही, लाजली.

“थे पोळ्याच्या दिवशी पुरी झालती.”

“मग?”

“मंग काय? पुरणाच्या पोळीचा घास देल्ला. सणाच्या दिवशी तिले कोरडी भाकर देतं का?”

सून भिंतीला टेकून इतकी हसली, की तिचा चेहरा हसतो तेव्हा कसा दिसतो ते मला त्या दिवशी नीट कळलं. मग मी हसले. शेवटी बाईसुद्धा.

सुनेची त्या दिवशी सुट्टी होती, दुपारभर तिघी बसलो. बाईने एकेक कोपरा चाचपून सांगितलं, ही भाकरीची, ही भाकरीची, ही… “हे रामनवमीची हाय वाटते.” त्या गोड खाल्लेल्या दोघींचे कोपरे तिने स्वतः उसवले, आतलं झटकलं, ज्वारीचे कोरडे दाणे ठेवले आणि मिटले. सुई माझ्या डब्यातली होती. तिच्या डबीतली नव्हे, हे तिने दोनदा सांगितलं. “हे दुरुस्ती हाय. हे शिवणं नाई.” दोरा मी ओवून दिला, आणि तिला तो ओवता येत नाही, हे मला दिसलं, हे तिलाही दिसलं.

मग नाव. सून म्हणाली, घास घालायचा तर दुसरं काहीतरी काढावं लागेल; फोनवर पहिले थोडेच शब्द दिसतात. ‘मऊ’ काढला. ‘धुता येणारी’ खालच्या माहितीत टाकलं. बाई मध्येमध्ये विचारायची, “आता किती जागा उरली?” जणू बसमध्ये सीट धरायची आहे. शेवटी झालं ते असं: ‘गोधडी, कोपऱ्यात घास शिवलेली, हाताने, सुती साडीची, डबल बेड.’ खाली मी चार ओळी लिहिल्या: घास म्हणजे काय, का ठेवतात, हाताला लागला तर घाबरू नये, आणि नको असेल तर घेऊ नये. ‘घेऊ नये’ वर सून अडली. बाई म्हणाली, “राहू दे. बापानं सांगितलं तसं सांग.”

पुढचं सांगायला मजा वाटते, पण थोडक्यात सांगते. लोक विचारू लागले. घास कशाचा? कोणत्या कोपऱ्यात? एकीने लिहिलं, तिची आजी असंच करायची आणि ती मेल्यावर तिला हे कोणी सांगणारं उरलं नव्हतं. एकाने विचारलं, उंदीर येतात का? मी लिहिलं, आमच्या घरी मांजर आहे, तुमचं तुम्ही पाहा. सुनेने ते पुसून नीट उत्तर लिहिलं. थंडी संपेपर्यंत आणखी नऊ गेल्या, आणि एकही परत आली नाही.

राहिली एक. पिवळ्या फुलांची. वाकड्या कोपऱ्याची.

मी म्हटलं, ही मीच ठेवते. फोनवर बाई म्हणाली, “ठेव नं. पण मंग अकरा नाई झाल्या. डबी उघडत नाई मी.” अशी ही बाई. मी म्हटलं, मग उसवून तुम्हीच शिवा. “तू बिघडवली, तू विक.” मग मी म्हटलं, ठीक आहे, नाव तुम्हीच सांगा. मला वाटलं, अडेल. तिला एक क्षण लागला नाही. ती सांगत गेली, सुनेने लिहिलं: ‘गोधडी, सुती साडीची, डबल बेड, एक कोपरा लहान जावेने वाकडा शिवलेला.’

“बाई, साऱ्या जगापुढं?”

“माह्या चष्म्याचं साऱ्या जगापुढं झालं नाई का?”

त्या कोपऱ्यात मी ज्वारीचे दाणे ठेवले आणि पुन्हा शिवला. पुन्हा वाकडाच आला. फोटोही त्याच कोपऱ्याचा काढला, सुनेने, अगदी जवळून. मी ठरवलं होतं, दोन-चार दिवस वाट पाहायची आणि मग गुपचूप स्वतःच मागवायची. कोणाच्या तरी अंगावर गेली म्हणजे झालं. माझं अंग काय अंग नाही? गोधडी नागपूरपर्यंत फिरून आमच्याच दारात आली असती, डिलिव्हरीवाला हसला असता, पण अकरा झाल्या असत्या.

दोनच दिवसांनी बटण दाबायला गेले तर गोधडी तिथे नव्हती. गेली होती. अमरावतीच्या एका बाईने घेतली, आणि लिहिलं होतं, ‘हीच पाठवा. आम्हीही दोघी जावा आहोत.’

मी लगेच बाईला फोन केला. आनंदाने सांगितलं. मला वाटलं, तिच्या डोळ्यांत पाणी येईल.

“दोन दिवसांत?” ती म्हणाली.

“होय.”

“माह्या सरळ कोपऱ्याले तीन महिने, आन तुह्या बैलाले दोन दिवस?”

“बाई, नावाचा गुण आहे.”

“नावाचा गुण! नाव मी सांगितलं होतं,” आणि फोन ठेवून दिला.

चौथ्या दिवशी सकाळच्या बसने ती आली. हातात पिशवी, पिशवीत तीन सुती साड्या, आणि हळदीची डबी. डोळ्यांवर नवा चष्मा, काळ्या काड्यांचा. मी चष्म्याबद्दल काही बोलायला तोंड उघडलं, तर तिने बोट वर केलं. मी तोंड मिटलं. तिने अंगणात साड्या अंथरल्या, कोपऱ्यांवर माझे चार गडवे उपडे ठेवले, डबी उघडली, सुई काढली आणि पहिल्याच फटक्यात दोरा ओवला. मला दाखवून.

“बस इकडं,” ती म्हणाली. “हा कोपरा तुहा. जसा येते तसा शिव. लोकाइले आवडते म्हणे.”

मी बसले. सून कामावर जाता जाता दाराशी थांबली आणि म्हणाली, “मोठ्या आई, ह्या गोधडीचं नाव काय टाकायचं?”

बाईने मान वर केली नाही. तिच्या मुंग्या चालायला लागल्या होत्या.

“भाकर होऊ दे पयले,” ती म्हणाली. “आन चष्म्याचं लेहजो नोको.”